नखे, दात आणि शंभर वर्षांचे उपाय

घटक चाचणीच्या वेळी वर्गात फेऱ्या मारताना उत्तरपत्रिकांऐवजी मुलांच्या हातांकडे पाहिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. एका हातात पेन असते आणि दुसऱ्या हाताची बोटे पुष्कळदा तोंडात असतात. कोणी अंगठ्याचे नख कुरतडत असतो, कोणी नखाच्या कडेची कातडी दातांनी ओढत असते. विशेष म्हणजे परीक्षा नसलेल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या एखाद्या रटाळ तासालाही हेच दृश्य दिसते. ही दुसरी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज पडणार आहे.

ही सवय तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांत क्वचितच आढळते. शाळेच्या वयात ती वाढत जाते, किशोरवयात सर्वांत जास्त दिसते आणि पुढे अनेकांच्या बाबतीत आपोआप कमी होते. सगळ्यांच्या बाबतीत मात्र होत नाही. स्टाफरूममध्ये पेपर तपासणाऱ्या हातांकडे पाहिले तरी हे कळेल.

मुलांच्या या सवयीवर आपण काय करतो? दरडावतो, हातावर पट्टी मारतो, प्रार्थनेनंतर रांगेत नखे तपासतो आणि कुरतडलेली नखे सर्वांदेखत दाखवायला लावतो. घरी बोटांना कडुनिंबाचा रस किंवा कोरफडीचा गर लावला जातो. हे उपाय इतके जुने आणि इतके सर्वत्र आहेत, की ते खरोखर उपयोगी पडतात का हा प्रश्न कोणाला फारसा पडत नाही. तो प्रश्न गांभीर्याने विचारला गेला तो विसाव्या शतकात. त्या प्रश्नाची आणि त्याच्या उत्तरांची ही कहाणी आहे.

शिक्षा आणि शिक्का

नखे खाणाऱ्याला नावे ठेवण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ‘नखखादी’ असा शब्दच येतो. उगीच ढेकळे चुरणारा, गवताच्या काड्या मोडणारा आणि नखे खाणारा माणूस लवकर नाश पावतो, असे तिथे सांगितले आहे. नखे खाण्याबद्दल नाश ही शिक्षा अंमळ जास्तच झाली! पण ही यादी करणाऱ्याची नजर मात्र तीक्ष्ण होती. ढेकूळ चुरणे, काडी मोडणे आणि नख कुरतडणे ही तिन्ही कामे रिकाम्या हातांची आहेत, मन दुसरीकडे असताना हात आपण होऊन करतात ती. ती एका ओळीत बसवणाऱ्याला या सवयीचे मर्म थोडेफार कळले होते असे आम्हांला वाटते. उपाय मात्र त्याने धाकाचाच सांगितला. तिकडे रोममध्ये होरेस या कवीने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात डोके खाजवत नखे कुरतडणारा कवी रंगवला आहे. म्हणजे लेखन अडले की बोटे तोंडात जाणे हे काही आजच्या निबंधलेखनाचे वैशिष्ट्य नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टरांनी या सवयीत लक्ष घातले, पण त्यातून मुलांचे भले झाले असे म्हणता येत नाही. त्या काळी युरोपात, विशेषतः फ्रान्समध्ये, घराण्यांच्या ‘ऱ्हासाची’ कल्पना जोरात होती. काही कुळे पिढ्यानपिढ्या शरीराने व मनाने खालावत जातात आणि त्याच्या खुणा मुलांच्या अंगावर व वागण्यात दिसतात, असे मानले जाई. नखे खाणे ही अशी एक खूण ठरवण्यात आली. एडगार बेरियों हे फ्रेंच डॉक्टर 1890च्या दशकात अशा मुलांवर संमोहनाचे उपचार करीत होते. सवय बाजूला राहिली आणि मुलावर शिक्का बसला.

त्यानंतर फ्रॉइड यांच्या अनुयायांनी या सवयीचा अर्थ शैशवातील मौखिक सुखाशी आणि दडपलेल्या रागाशी जोडला. या विचाराने मुलावरचा ऱ्हासाचा कलंक काढला, हे त्याचे श्रेय. पण व्यवहारात त्याचा एक विचित्र परिणाम झाला. सवय हे केवळ वरवरचे लक्षण आहे, आतला गुंता न सोडवता ती मोडली तर तिच्या जागी दुसरे लक्षण उगवेल, असे मानले जाऊ लागले. मग सवयीला थेट हात घालायचा कोणी?

1931 साली डेव्हिड वेक्स्लर यांनी न्यूयॉर्कमधील सुमारे तीन हजार मुलांच्या नखांची पाहणी प्रसिद्ध केली. बुद्धिमापनाच्या चाचण्यांमुळे पुढे जगभर गाजलेले वेक्स्लर ते हेच. त्यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी तयार केले, त्यामुळे बी. एड. झालेल्या वाचकांना हे नाव परके नसावे. अशा पाहण्यांचा एक मोठा फायदा झाला. शेकड्यांनी सामान्य, निरोगी, हसतीखेळती मुले नखे खातात हे आकड्यांनी दिसले. इतक्या मुलांत आढळणारी गोष्ट ऱ्हासाची खूण कशी असेल?

मुद्दाम केलेली चूक

सवयीला थेट हात घालण्याचे धाडस केले ते नाइट डनलॅप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. टंकलेखन करताना ‘द’ या इंग्रजी शब्दाची अक्षरे त्यांच्या हातून नेहमी उलटी पडत, टी-एच-ई ऐवजी एच-टी-ई. लक्ष देऊनही चूक जाईना. तेव्हा त्यांनी उलटाच मार्ग धरला. तो शब्द चुकीचा, मुद्दाम, पुनःपुन्हा टंकित केला, आणि प्रत्येक वेळी ‘हे मला पुढे करायचे नाही’ असे मनाशी ठेवले. चूक नाहीशी झाली. यावरून त्यांनी 1928 साली एक धीट विधान केले: नुसत्या आवृत्तीने सवय पक्की होते हे खरे नाही, आवृत्तीबरोबर मनात काय चालू आहे त्यावर सवय घडणे किंवा मोडणे ठरते. 1932 साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात हा ‘उलटा सराव’ नखे खाण्यासारख्या सवयींसाठीही सुचवला आहे. नखे खाणाऱ्याने ठरावीक वेळी, आरशासमोर बसून म्हणा हवे तर, नखे खाण्याची कृती जाणूनबुजून करायची.

‘शंभर वेळा लिहून आण’ ही आपली शिक्षा वाचकांना इथे आठवेल. पण दोहोंत फरक आहे. डनलॅप यांचा सराव ज्याला सवय सोडायची आहे त्याने स्वतःहून करायचा होता, दुसऱ्याने लादायचा नव्हता. उलटा सराव काही जणांना उपयोगी पडला, काहींना नाही. त्याची नीट परीक्षा व्हायला आणखी पन्नास वर्षे जावी लागली. ती परीक्षा पुढे येईलच. तोवर मध्ये एक वेगळाच प्रयोग झाला.

अंधारातला आवाज

हा प्रयोग आम्ही थोडा विस्ताराने सांगतो, कारण प्रयोग कसा करावा आणि कसा वाचावा, या दोन्ही दृष्टींनी तो वर्गात चर्चेला घेण्याजोगा आहे.

लॉरेन्स लेशॅन या तरुण अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो 1942 साली प्रसिद्ध केला. उन्हाळी शिबिराला आलेली, नखे खाण्याची जुनी सवय असलेली मुले त्याने निवडली. त्यांतील वीस मुले एका निजायच्या खोलीत होती. मुले झोपली की फोनोग्राफची तबकडी सुरू होई आणि एकच वाक्य म्हणू लागे: माझ्या नखांची चव भयंकर कडू आहे. एका रात्रीत तीनशे वेळा. हे चोपन्न रात्री चालले. तुलनेसाठी दुसऱ्या मुलांचा गट होता, त्यांच्या खोलीत तबकडी नव्हती.

सुमारे पाच आठवड्यांनंतर फोनोग्राफ बिघडला. लेशॅनने हार मानली नाही. रोज रात्री झोपलेल्या मुलांमध्ये अंधारात उभे राहून तो स्वतः ते वाक्य म्हणत राहिला! शिबिर संपले तेव्हा वीसपैकी आठ मुलांची नखे वाढलेली होती. तुलनेच्या गटात एकाही मुलाची सवय सुटली नव्हती. झोपेत शिकवता येते असा निष्कर्ष निघाला आणि त्याचा पुष्कळ गाजावाजा झाला. उशाशी यंत्र लावून परकी भाषा शिका, धूम्रपान सोडा, अशा जाहिराती त्यानंतरच्या काळात अमेरिकेत बोकाळल्या.

आता विद्यार्थ्यांना विचारण्याजोगा प्रश्न: या प्रयोगात काय राहून गेले? पहिली शंका साधी आहे. मुले खरोखर झोपली होती हे कशावरून? तीनशे वेळा बोलणारी तबकडी, आणि पुढे खोलीत वावरणारा एक माणूस. वीसांपैकी एखाद्याला तरी जाग येणारच. एकाने ऐकले की सकाळी सगळ्या खोलीला कळणार. दुसरी शंका अशी की मुले बहुतांश सुधारली ती तबकडीच्या काळात नव्हे, तर लेशॅन स्वतः बोलू लागल्यानंतर. मग परिणाम वाक्याचा, झोपेचा, की आपल्यासाठी एक मोठा माणूस इतकी खटपट करतो आहे या जाणिवेचा? तुलनेच्या गटातल्या मुलांच्या खोलीतही कोणीतरी रोज रात्री उभे राहून पाढे म्हटले असते, तर उत्तराच्या जवळ जाता आले असते.

पहिल्या शंकेचे उत्तर 1956 च्या सुमारास मिळाले. चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स यांनी झोपणाऱ्या माणसांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवल्या आणि रात्रभर त्यांना प्रश्न व उत्तरे ऐकवली. सकाळी आठवली ती लहरी जागेपणाच्या असताना ऐकवलेली उत्तरेच. गाढ झोपेत ऐकवलेले जणू ऐकवलेच नव्हते. लेशॅनच्या आठ मुलांची नखे वाढली हे खोटे नव्हे. ती झोपेमुळे वाढली, हे मात्र सिद्ध झाले नाही.

कडू, आणखी कडू

लेशॅनच्या वाक्यातही आधार होता तो कडूपणाचाच. कडुनिंब, कोरफड, क्विनीन ही जुनी मंडळी. 1958 साली एडिंबरा येथील मॅकफर्लन स्मिथ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ बधिरता आणणारी नवी औषधे शोधत होते. त्या खटपटीत त्यांच्या हाती एक अतिशय कडू संयुग लागले, डेनाटोनियम बेंझोएट. दहा लाख भागांत दहा भाग मिसळले तरी द्रव तोंडात धरवत नाही. औद्योगिक अल्कोहोल कोणी पिऊ नये म्हणून त्यात ते मिसळू लागले आणि नखांना लावायच्या लेपांतही ते आले.

इतका कडू पदार्थ असताना प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही. 1993 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नखे खाणे थांबवणारी औषधे म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा लेपांची मान्यता काढून घेतली. ते गुणकारी असल्याचा पुरेसा पुरावा नाही, हे त्यामागचे कारण. इतर अनेक देशांत असे लेप विकले जातात आणि काहींना त्यांचा उपयोगही होतो. पण कडूपणाची अडचण अशी आहे, की तो बोट तोंडात गेल्यावर बोलतो. सवयीच्या साखळीतली ती शेवटची कडी. शिवाय जिभेला सवय होते, लेप धुतला जातो, आणि लेप दुसऱ्याने बळजबरीने लावला असेल तर मूल तो निघून जाण्याची वाट पाहते.

साखळीची पहिली कडी

नेथन ॲझरिन यांचे मोठेपण असे, की त्यांनी बोट तोंडात जाण्याच्या आधी काय घडते ते पाहिले. ॲझरिन हे वर्तनवादी. मनोरुग्णालयात चांगल्या वर्तनासाठी बिल्ले देण्याची पद्धत त्यांनी सहकाऱ्यांसह बसवली होती. 1973 साली त्यांनी ग्रेगरी नन यांच्याबरोबर बारा जणांवरील उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कोणी नखे खाणारा, कोणी अंगठा चोखणारा, कोणाला मानेला झटका देण्याची सवय. बाराही जणांची सवय पहिल्याच दिवशी जवळजवळ थांबली, आणि सूचना पाळणाऱ्या अकरा जणांत ती नंतरच्या तपासण्यांतही परतली नाही असे त्यांनी लिहिले. बारा माणसे आणि तुलनेला गट नाही, तेव्हा आपण सावधच राहू. पण पद्धत पाहण्याजोगी आहे.

नखे खाणाऱ्याला आधी काय करायला सांगितले जाते? थांबायला नव्हे. पाहायला. हात कोठून निघतो, गालाला लागतो का, अंगठ्याने आधी इतर नखांची टोके चाचपून पाहिली जातात का, हे कधी होते, वाचताना, दूरदर्शन पाहताना, की फळ्यावरचे उतरवून झाल्यावर? ज्याला सवय आहे त्याला यातले बहुतेक ठाऊक नसते. ठाऊक नसते म्हणूनच ती सवय. एका छोट्या वहीत नुसती नोंद ठेवली, तरी पुष्कळांचे नखे खाणे कमी होते.

दुसरी पायरी म्हणजे हाताला दुसरे काम देणे. हात वर निघाला असे जाणवताच मूठ मिटायची किंवा हाताशी असलेली वस्तू, पेन, पुस्तक, बाकाची कड, घट्ट धरून ठेवायची. ॲझरिन यांनी सुमारे तीन मिनिटे सांगितली होती. मूठ मिटलेली असताना नखे खाता येत नाहीत, शेजाऱ्याला काही कळत नाही आणि वाचन चालू राहते. तिसरी पायरी आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. घरच्या माणसांनी चुकांवर बोट ठेवण्याऐवजी प्रयत्नांची दखल घ्यायची, आणि आठवण करून द्यायची तीही दोघांत ठरलेल्या खुणेने. या पद्धतीला आपण ‘सवय-पालट’ म्हणू.

1980 साली ॲझरिन व सहकाऱ्यांनी डनलॅप यांचा उलटा सराव आणि हा सवय-पालट समोरासमोर उभे केले. नखे खाणाऱ्या 97 जणांना एक किंवा दुसरी पद्धत शिकवली, तीही दोन तासांच्या एकाच बैठकीत. उलट्या सरावाने नखे खाणे सुमारे 60 टक्क्यांनी घटले, सवय-पालटाने सुमारे 99 टक्क्यांनी. सवय पूर्ण सोडलेल्यांची संख्या मात्र दोन्हीकडे निम्म्याच्या आतच होती, हे जाहिरातवजा लेखांत सहसा सांगितले जात नाही. तरीही एका सवयीवरचे दोन उपाय एकाच मापाने मोजले गेले, हे या इतिहासात नवे होते.

पुढील काळात दोन गोष्टींची भर पडली. 2015 साली माँट्रियल येथील संशोधकांनी अशा सवयी असलेल्या व नसलेल्या प्रत्येकी 24 जणांना चार निरनिराळ्या प्रसंगांत ठेवले: ताण, विसावा, वैफल्य आणि कंटाळा. सवय असलेल्यांची ओढ विसाव्यापेक्षा कंटाळ्याच्या व वैफल्याच्या प्रसंगी जास्त दिसली. सुरुवातीचा रटाळ तास आठवा. ‘हा घाबरट आहे म्हणून नखे खातो’ हे आपले निदान दरवेळी खरे नसते. कदाचित त्याचे गणित सोडवून झालेले असते आणि आपण पुढचे दिलेले नसते.

दुसरी भर हँबर्गमधल्या श्टेफेन मोरित्स यांच्या गटाची. मूठ आवळण्याऐवजी बोटांनी तळहात, अंगठ्याची आतली बाजू किंवा दंड हळुवार कुरवाळायचा, एवढेच त्यांनी सुचवले. हाताला स्पर्श हवा असेल तर तो निरुपद्रवी द्यावा, हा विचार. नखे खाणे, केस उपटणे व त्वचा कोरणे या सवयी असलेल्या 268 जणांवरील त्यांचा प्रयोग 2023 साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी ही पद्धत वापरणाऱ्यांपैकी 53 टक्क्यांना सुधारणा जाणवली, प्रतीक्षेत ठेवलेल्या गटात 20 टक्क्यांना. सर्वाधिक लाभ झाला नखे खाणाऱ्यांनाच.

नख वाढते कसे

सवय सुटली तरी नख लगेच सुंदर दिसत नाही आणि बरीच मुले इथेच धीर सोडतात. म्हणून नखाच्या वाढीबद्दल थोडे सांगायला हवे. आपण कुरतडतो तो भाग निर्जीव असतो. जिवंत पेशी असतात त्या बुडाशी, त्वचेखाली दडलेल्या नखाच्या मुळात. तिथे तयार झालेल्या पेशी केराटिनने भरून, चपट्या होऊन पुढे ढकलल्या जातात. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी दिसणारी पांढुरकी चंद्रकोर हा त्या मुळाचाच दिसणारा भाग. वर्षानुवर्षे नख कुरतडले, की त्याखालची गुलाबी गादी आखडते आणि नख आखूड, रुंदट दिसू लागते. वाढ मात्र चालूच असते. मुळालाच इजा होईपर्यंत कातडी ओरबाडली असेल, तर नखावर खाचा व रेघा उमटतात. (नखांवरचे पांढरे ठिपके कॅल्शियम कमी झाल्याने येतात अशी समजूत आहे. ते बहुधा मुळाला लागलेल्या बारीकसारीक ठोसरांचे असतात.)

नख किती वेगाने वाढते? विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरने यासाठी स्वतःच्या डाव्या अंगठ्याचे नख 35 वर्षे मोजले. 1941 साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याने सुरुवात केली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नखाच्या बुडाशी कानशीने बारीक खूण करायची आणि ती टोकाशी कधी पोहोचते ते लिहून ठेवायचे. बत्तिसाव्या वर्षी नख रोज 0.123 मिलिमीटर वाढत होते, सदुसष्टाव्या वर्षी 0.095. त्याचा शेवटचा अहवाल 1980 साली आला.

महिन्याला साधारण तीन मिलिमीटर, म्हणजे बोटाचे पूर्ण नवे नख यायला सहा महिने लागतात. ॲझरिन यांच्या पद्धतीत नखांची निगा राखणेही होते, आणि त्यामागे साधे कारण आहे. खडबडीत कड किंवा सुटलेली कातडी बोटाला लागते, बोट ती चाचपते, आणि साखळी सुरू होते. कंपासपेटीत एक छोटी कानस असली की ती कड तिथल्या तिथे घासून टाकता येते. सुटलेली कातडी ओढण्याऐवजी नेलकटरने कापावी, रात्री बोटांना थोडे खोबरेल चोळावे. पोटात जंत असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र आधी जंतांचे औषध, कारण सुतासारख्या जंतांची अंडी खाजवताना नखांखाली जातात आणि तिथून पुन्हा तोंडात. बोटांभोवती पू धरत असेल किंवा रक्त निघेपर्यंत सवय गेली असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

बीनचा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येतो. जूनमध्ये शाळा सुरू होताना प्रत्येकाने डाव्या अंगठ्याच्या नखावर, अगदी बुडाशी, कानशीने एक हलकी आडवी रेघ ओढावी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बुडापासून रेघेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून आलेख काढावा आणि रेघ पुसट झाली तर पुन्हा गिरवावी. नखे खाणाऱ्या मुलांनाही त्यात घ्यावे, वेगळे काढू नये. दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास रेघा टोकाजवळ येऊ लागतील. ज्यांच्या रेघा त्याआधीच नाहीशा झाल्या असतील, त्यांनी नवी रेघ ओढून पुन्हा सुरुवात करावी.